‘आपण’, ‘आम्ही’ आणि ‘ते’ : डेट्रॉईट व तिची उपनगरे यांच्या संदर्भातील राजकीय जाहिरातींची चिकित्सा

प्रास्ताविक :

राजकीय जाहिरात ही बहुधा वाणिज्य, राज्यशास्त्र किंवा जनसंज्ञापन या विषयांच्या कक्षेतील बाब मानली जाते. भाषा आणि साहित्य यांचा अध्यापक तिच्याकडे क्वचितच वळतो. वस्तुतः तीस सेकंदांच्या जाहिरातीत निवेदक असतो, स्थळ असते, संबोधित श्रोता असतो आणि जाणीवपूर्वक राखलेले मौनही असते. म्हणजेच संहितेच्या चिकित्सेसाठी आवश्यक असणारे सर्व घटक तिच्यात उपस्थित असतात. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील मिशिगन राज्यातील डेट्रॉईट हे शहर आणि त्याच्या सीमेला लागून असलेली सधन उपनगरे यांच्यातील दुराव्याचा वापर करणाऱ्या राजकीय प्रचाराची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. अशा जाहिरातींनी किती मते फिरतात हे मोजणे हा या लेखाचा हेतू नाही. त्या कोणाला उद्देशून बोलतात आणि कोणाला संवादातून वगळतात, हा येथील मूळ प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या उकलीसाठी मराठी व्याकरणातील एक भेद उपयुक्त ठरतो. मराठीत ‘आपण’ म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्याला आपल्यात सामावून घेतो, तर ‘आम्ही’ म्हणताना त्याला बाहेर ठेवतो. इंग्रजीत या दोन्हींसाठी एकच सर्वनाम आहे. त्यामुळे इंग्रजी राजकीय जाहिरातीतील ‘वुई’ आणि ‘अवर’ हे शब्द वरकरणी सर्वसमावेशक वाटतात. मराठी वाचकाला मात्र अनुवाद करताना थांबून निवड करावीच लागते. येथे ‘आपले’ म्हणावे की ‘आमचे’? ही निवड करताना जाहिरातीचे खरे राजकारण उघड होते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. ‘उपनगर’ या संज्ञेचा अर्थ :

मराठी वाचकाच्या मनात ‘उपनगर’ म्हटले की दादरच्या पुढची मुंबई उभी राहते. मात्र १९५० आणि १९५७ च्या विस्तारांनंतर ही उपनगरे बृहन्मुंबई महापालिकेतच समाविष्ट झाली. मुलुंडचा आणि मलबार हिलचा मालमत्ता कर एकाच तिजोरीत जातो. मिशिगनमधील रचना याहून मूलतः भिन्न आहे. तेथील प्रत्येक उपनगर हे कायद्याने स्वतंत्र नगर असते. त्याचा महापौर वेगळा, पोलीस वेगळे, शाळांचे मंडळ वेगळे आणि करही वेगळे. १९९४ मध्ये राज्याने शिक्षणखर्चाची पद्धत बदलेपर्यंत शाळांचा मोठा भार स्थानिक मालमत्ता करावरच होता. त्यामुळे महाग घरांच्या नगराला चांगल्या शाळा आणि चांगल्या शाळांमुळे अधिक महाग घरे, असे चक्र सुरू राहिले. शहरात त्याच्या नेमके उलट घडले. करदाता निघून गेला, की त्याचा वाटा मागे राहिलेल्यांवर पडत असे.

डेट्रॉईटची लोकसंख्या १९५० च्या जनगणनेत १८,४९,५६८ होती. २०२० मध्ये ती ६,३९,१११ इतकी उरली. शहराची हद्द तेवढीच, तिचे रस्ते आणि जलवाहिन्या तेवढ्याच. पण त्यांचा खर्च उचलणारे हात एक तृतीयांश झाले. १८ जुलै २०१३ रोजी या शहराने सुमारे १८ अब्ज डॉलरच्या दायित्वांसह दिवाळखोरीचा अर्ज केला. शहराच्या उत्तर सीमेवर एट माईल रोड हा रुंद रस्ता आहे. त्याच्या पलीकडे ओकलंड आणि मॅकोम्ब या काउंट्या सुरू होतात. त्यांपैकी ओकलंड ही राज्यातील अतिसधन काउंटी म्हणून ओळखली जाते. ज्या जाहिरातींचा येथे विचार करावयाचा आहे, त्यांची रंगभूमी हीच आहे.

२. सीमेची घडण :

कोणतीही सीमा जाहिरातीत नैसर्गिक दिसते. नदी किंवा डोंगर असावा तशी ती ‘असतेच’. येथील सीमा मात्र धोरणांनी घडविली, हे इतिहासकार थॉमस सुग्रू यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात विस्ताराने दाखविले आहे. १९३० च्या दशकात गृहकर्जासाठी वस्त्यांची प्रतवारी करण्यात आली आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या सर्वांत खालच्या प्रतीत टाकण्यात आल्या. १९४१ मध्ये एट माईल रोडच्या नजीक एका विकासकाने श्वेतवर्णीयांसाठी योजिलेली वसाहत आणि शेजारची कृष्णवर्णीय वस्ती यांच्यामध्ये सुमारे अर्धा मैल लांब आणि सहा फूट उंच भिंत उभारली. भिंत उभारल्याशिवाय त्याच्या वसाहतीला सरकारी कर्जहमीचे संरक्षण मिळत नव्हते. ही भिंत आजही उभी आहे.

१९६७ च्या उठावात ४३ जणांचा बळी गेला आणि त्यानंतर श्वेतवर्णीयांच्या स्थलांतराला वेग आला. मात्र ते त्यापूर्वीच सुरू झालेले होते, हे विसरता येत नाही. १९७० मध्ये केंद्रीय गृहनिर्माण मंत्री जॉर्ज रॉम्नी यांनी मॅकोम्बमधील वॉरन या जवळजवळ पूर्णतः श्वेतवर्णीय नगरात खुल्या गृहनिर्माणाचा आग्रह धरला. हे ‘सक्तीचे एकत्रीकरण’ असल्याची ओरड झाली आणि त्याच वर्षी तेथील मतदारांनी केंद्राच्या नागरी पुनर्विकास योजनेलाच नकार दिला. पुढे २५ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मिलिकेन विरुद्ध ब्रॅडली या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला. शहर आणि ५३ उपनगरी शाळाजिल्हे यांना एकत्र गुंफणारी विद्यार्थी-वाटपाची योजना या निकालाने रद्द ठरविली. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी भिन्नमत नोंदविले. निकालाचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट होता. सीमा ओलांडून गेले, की जबाबदारीही मागे टाकता येते. राजकीय जाहिरातीला पुढे जो आधार मिळाला, तो या कायदेशीर वास्तवातून मिळाला.

३. एका वाक्याचे उत्तरायुष्य :

जाहिरातीच्या आधी तिचा मजकूर तयार व्हावा लागतो. जानेवारी १९७४ मध्ये डेट्रॉईटचे पहिले कृष्णवर्णीय महापौर कोलमन यंग यांचा पदग्रहण समारंभ झाला. त्या भाषणात त्यांनी गुन्हेगारांना शहर सोडून एट माईल रोडची वाट धरण्यास बजावले. त्याच दमात, हे गुन्हेगार कृष्णवर्णीय असोत वा श्वेतवर्णीय, त्यांच्या अंगावर पोलिसी गणवेश असला तरी हरकत नाही, अशा आशयाचीही पुस्ती त्यांनी जोडली होती. म्हणजे हे विधान मुळात शहराला उद्देशून होते आणि पोलिसांच्या गैरवर्तनालाही ते लागू होते.

उपनगरांनी मात्र त्यातील एकच भाग ऐकला. महापौर आपले गुन्हेगार आमच्याकडे पाठवीत आहेत, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि तो पुढील अनेक दशके उगाळला गेला. येथे संहितेचा संकोच कसा होतो, हे पाहणे उद्बोधक आहे. वाक्याचा उत्तरार्ध गळतो, श्रोता बदलतो आणि इशाऱ्याचे आव्हान बनते. राजकीय जाहिरातीचे तंत्र नेमके हेच असते. ती सहसा खोटे वाक्य रचत नाही. खऱ्या वाक्याचा अर्धा भाग पुनःपुन्हा उच्चारते.

१९८५ मध्ये मतदार-अभ्यासक स्टॅन्ली ग्रीनबर्ग यांनी मॅकोम्बमधील डेमोक्रॅटिक पक्ष सोडून गेलेल्या श्वेतवर्णीय कामगारांशी चर्चा केल्या. या काउंटीने १९६० मध्ये केनेडी यांना भरघोस मते दिली होती आणि १९८४ मध्ये तितक्याच उत्साहाने रेगन यांना निवडले होते. आपल्या आयुष्यात जे बिघडले त्याचा दोष हे मतदार कृष्णवर्णीयांवर आणि डेट्रॉईटवर ठेवीत असल्याचे ग्रीनबर्ग यांना आढळले. याचाच अर्थ असा की, ‘डेट्रॉईट’ हे शब्दरूप तोवर केवळ स्थलनाम राहिले नव्हते. वर्णाचा उल्लेख न करता वर्णाविषयी बोलण्याची ती सोय झाली होती.

४. मॅकोम्बमधील जाहिरात (२००८) :

या सोयीचा एक ठळक नमुना २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत आढळतो. डेट्रॉईटचे तत्कालीन महापौर क्वामे किल्पॅट्रिक यांनी ४ सप्टेंबर २००८ रोजी न्यायालयात गुन्ह्याची कबुली दिली आणि पद सोडण्याचे मान्य केले. त्याच महिन्यात फ्रीडम्स डिफेन्स फंड या गटाने मॅकोम्ब काउंटीतील प्रेक्षकांसाठी एक दूरचित्रवाणी जाहिरात प्रसारित केली. तिच्यात बराक ओबामा यांनी २००७ मध्ये किल्पॅट्रिक यांची केलेली स्तुती वापरली होती. आशय साधा होता : माणसाची पारख त्याच्या मित्रांवरून करावी.

या जाहिरातीवर सरळ आक्षेप घेणे कठीण आहे. स्तुतीचे चित्रण खरे होते. किल्पॅट्रिक यांचा गुन्हाही खरा होता. सार्वजनिक व्यक्तीने केलेल्या स्तुतीचा जाब मागणे हे लोकशाहीत न्याय्यच आहे. तथापि जाहिरात कोठे दाखविली गेली, हा तिच्या अर्थाचाच भाग आहे. किल्पॅट्रिक यांच्या कारभाराची सर्वाधिक झळ डेट्रॉईटच्या नागरिकांना बसली होती. परंतु ही जाहिरात त्यांच्याशी बोलत नव्हती. ज्यांचा तो महापौर नव्हता त्यांच्याशी ती बोलत होती. नागरिकाचा संताप आणि शेजाऱ्याची भीती या दोन भिन्न भावना आहेत. जाहिरातीने पहिल्या भावनेचे साहित्य घेऊन दुसरी भावना चेतविली.

ताली मेंडेलबर्ग यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात १९८८ च्या प्रचारातील विली हॉर्टन प्रकरणाचा अभ्यास केला आहे. वर्णविषयक आवाहन अप्रकट असते तोवर प्रभावी ठरते आणि ते तसे आहे हे उघडपणे बोलले गेले की त्याची धार कमी होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. २००८ च्या जाहिरातीत डेट्रॉईटचा महापौर हेच ते अप्रकट चिन्ह होते. मात्र त्या निवडणुकीत ओबामा यांनी मॅकोम्बमध्ये बहुमत मिळविले, हेही नमूद केले पाहिजे. आर्थिक अरिष्टाच्या त्या हंगामात वाहन उद्योगातील कामगाराला आपल्या नोकरीची चिंता अधिक होती. चिन्हाची शक्ती परिस्थितीनिरपेक्ष नसते, एवढा बोध त्यातून घेता येतो.

५. नाव कोणाचे? :

राजकीय जाहिरातीच्या शेजारी व्यापारी जाहिरात ठेवून पाहिल्यास एक विसंगती स्पष्ट होते. फेब्रुवारी २०११ मध्ये सुपर बोल सामन्याच्या वेळी क्रायस्लर कंपनीने गायक एमिनेम यांना घेऊन दोन मिनिटांची जाहिरात दाखविली. शहराचे रस्ते, भित्तिचित्रे, कारखाने आणि कष्ट यांचा गौरव करीत, ही मोटार डेट्रॉईटहून आयात केलेली आहे, असे घोषवाक्य तिने दिले. जाहिरात गाजली. पण या कंपनीचे मुख्यालय ओकलंड काउंटीतील ऑबर्न हिल्स येथे होते आणि जाहिरातीतील मोटारीची जुळणी मॅकोम्ब काउंटीतील स्टर्लिंग हाइट्स येथे होत होती. मोटार उपनगरांची आणि नाव शहराचे, असा हा व्यवहार होता.

क्रीडाक्षेत्रातही हेच दिसते. डेट्रॉईटचे नाव लावणारा फुटबॉल संघ १९७५ पासून २००१ पर्यंत पाँटिॲकमध्ये खेळला आणि बास्केटबॉलचा संघ १९८८ ते २०१७ या काळात ऑबर्न हिल्समध्ये. दोन्ही ठिकाणे ओकलंडमधील. कारखान्याचा अभिमान, खेळातील विजय आणि संगीताची परंपरा यांचा प्रसंग असतो तेव्हा डेट्रॉईट ‘आपले’ असते. शाळा, बससेवा आणि कर्ज यांचा प्रश्न येतो तेव्हा ते ‘त्यांचे’ होते. २०१६ मध्ये प्रादेशिक वाहतुकीसाठीचा कर जनमतात थोडक्यात फेटाळला गेला. मॅकोम्बचा विरोध त्यात सर्वांत प्रखर होता.

या ठिकाणी आपल्याशी संबंधित एक बाब नोंदविणे आवश्यक वाटते. आपल्या परिचयातील अनेक कुटुंबांत ‘मुलगा डेट्रॉईटला असतो’ असे सहजपणे सांगितले जाते. प्रत्यक्षात तो नोवाय, ट्रॉय किंवा फार्मिंग्टन हिल्स येथे, म्हणजे ओकलंडच्या उपनगरात राहत असतो. वाहन उद्योगातील मराठी अभियंत्यांचा मोठा वर्ग याच पट्ट्यात स्थिरावला आहे. त्याने शहराचे नाव घेतले आहे. शहराचा कर मात्र तो भरत नाही. यात त्याचा वैयक्तिक दोष नाही. परंतु उपनगरी मतदाराला उद्देशून केलेली जाहिरात आता त्याच्याही दिवाणखान्यात पोहोचते आणि तिच्यातील ‘आपण’मध्ये सामील व्हायचे की नाही, हा निर्णय त्यालाही करावा लागतो.

६. शहर अदृश्य होते तेव्हा (२०२०) :

२०२० च्या निवडणुकीत या प्रचाराने राष्ट्रीय रूप घेतले. त्या जुलैमध्ये ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने एक जाहिरात दाखविली. घरात एकटी असलेली वृद्ध स्त्री, दारात घुसखोर आणि पोलिसांच्या दूरध्वनीवर मदत मिळत नाही, असे तिचे दृश्य होते. पोलिसांचा निधी बंद करण्याची भूमिका बायडन यांनी स्वीकारलेली नव्हती, तरीही जाहिरातीचा रोख त्यांच्यावर होता. त्याच महिन्यात घरवाटपातील भेदभाव दूर करण्यासाठी २०१५ मध्ये केलेला नियम रद्द करण्यात आला आणि उपनगरी जीवनाचे स्वप्न जगणाऱ्यांना आता स्वस्त घरांचा उपद्रव होणार नाही, अशी ग्वाही अध्यक्षांनी दिली. वॉरनमध्ये १९७० साली जे घडले, त्याचीच ही पन्नास वर्षांनंतरची आवृत्ती होती.

या जाहिरातीत शहर कोठेच दिसत नाही, हे तिचे वैशिष्ट्य होय. केवळ घर दिसते आणि दाराबाहेरचा अंधार दिसतो. तो अंधार कोठून आला, हे प्रेक्षकाने स्वतःच भरून काढायचे असते. यामुळे मतदाराची भूमिकाही बदलते. तो नागरिक राहत नाही. तो घराचा मालक आणि पहारेकरी होतो.

याची परिणती १७ नोव्हेंबर २०२० रोजी दिसली. वेन काउंटीच्या मतमोजणी मंडळातील दोन रिपब्लिकन सदस्यांनी निकाल प्रमाणित करण्यास आरंभी नकार दिला आणि डेट्रॉईट वगळता अन्य नगरांचे निकाल प्रमाणित करावेत, असा विचार बैठकीत मांडला गेला. नोंदींतील तफावती लिव्होनियासारख्या बहुतांश श्वेतवर्णीय उपनगरातही होत्या. नागरिकांनी तासन्‌तास आक्षेप नोंदविल्यावर त्याच रात्री निकाल प्रमाणित झाला. विशेष म्हणजे २०१६ च्या तुलनेत ट्रम्प यांचा मतांचा वाटा डेट्रॉईट शहरात किंचित वाढलेलाच होता. त्यांची पीछेहाट ओकलंडसारख्या उपनगरांत झाली होती. तरीही संशय शहरावर घेतला गेला. जाहिरातीने रुजविलेली सवय आकड्यांनाही जुमानत नाही, याचे हे उदाहरण म्हणावे लागेल. जे शहर जाहिरातीत संबोधित श्रोता नव्हते, त्याची मते मोजण्याचा प्रश्न आल्यावर त्यालाच वगळणे काहींना सहज सुचले.

७. दुसरी बाजू :

हे द्वंद्व एकतर्फी नव्हते, याची नोंद न घेतल्यास चिकित्सा अपुरी राहील. कोलमन यंग यांनीही वीस वर्षांच्या कारकिर्दीत उपनगरांशी असलेल्या वैराचा राजकीय उपयोग करून घेतला. १९९३ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत डेनिस आर्चर हे उपनगरांचे उमेदवार आहेत, अशी टीका त्यांच्यावर झाली. आर्चर निवडून आले, ही बाब वेगळी. तथापि या दोन्ही प्रचारांना समान तागडीत तोलणे योग्य नाही. एकाकडे भीतीचा माल होता आणि करांचा पैसाही होता. दुसऱ्याकडे केवळ स्वाभिमान होता. ओकलंडचे प्रमुख एल. ब्रुक्स पॅटरसन हे १९९३ पासून २०१९ पर्यंत त्या पदावर होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत त्यांनी डेट्रॉईटभोवती कुंपण घालण्याचे आपले जुने विधान पुन्हा उच्चारले. तेव्हा ते शहर दिवाळखोरीत होते. शहरातील कोणत्याही नेत्याला ओकलंडभोवती कुंपण घालण्याची भाषा करणे परवडले नसते.

जाहिरात सीमा ओलांडूही शकते. बेळगावात वाढलेले मराठी उद्योजक श्री ठाणेदार यांनी २०१८ मध्ये गव्हर्नरपदाच्या प्राथमिक निवडणुकीत स्वतःच्या पैशाने मोठा जाहिरात-प्रचार केला. ते पराभूत झाले. पण डेट्रॉईटमध्ये त्यांना लक्षणीय मते मिळाली. २०२२ मध्ये ते शहराचा मोठा भाग असलेल्या मतदारसंघातून काँग्रेसवर निवडून आले. त्यामुळे सुमारे सात दशकांत प्रथमच डेट्रॉईटला काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही आणि याबद्दल शहरात खेदही व्यक्त झाला. बाहेरून आलेल्या माणसाला जाहिरातीने ‘आपण’मध्ये आणले, हे खरे. त्यासाठी लागलेली ऐपत मात्र बहुसंख्य डेट्रॉईटकरांजवळ नाही, हेही तितकेच खरे.

८. ‘आपला देश’ (२०२४) :

१० ऑक्टोबर २०२४ रोजी डेट्रॉईट इकॉनॉमिक क्लबमध्ये बोलताना ट्रम्प यांनी, कमला हॅरिस अध्यक्ष झाल्या तर सारा देश डेट्रॉईटसारखा होईल, असे विधान केले. मूळ इंग्रजीत ‘आवर’ हे सर्वनाम होते. मराठीत येथे ‘आपला देश’ म्हणता येत नाही. ज्या शहरात उभे राहून हे बोलले गेले, त्या शहराचे रहिवासी या ‘आपल्या’त बसतच नाहीत. ‘आमचा देश डेट्रॉईटसारखा होईल’ हाच प्रामाणिक अनुवाद ठरतो. यजमानाच्या घरी जाऊन त्याच्याच घराची भीती इतरांना घालावी, असा हा प्रकार होता. हॅरिस यांच्या प्रचारयंत्रणेने हेच विधान उलटवून डेट्रॉईटच्या जिद्दीचा गौरव करणारी जाहिरात केली. निवडणुकीत मिशिगन ट्रम्प यांनी जिंकले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात प्रसिद्ध झालेल्या जनगणना विभागाच्या अंदाजानुसार मात्र १९५७ नंतर प्रथमच डेट्रॉईटची लोकसंख्या वाढलेली होती. प्रचारातील शहर आणि प्रत्यक्षातील शहर यांची फारकत झाल्याचे यावरून दिसते.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) उपनगर विरुद्ध शहर या स्वरूपाच्या प्रचारात शहर हे प्रतिपक्ष नसते. त्याच्याविषयी बोलले जाते. त्याच्याशी बोलले जात नाही.

२) अशी जाहिरात धोरणांनी घडविलेल्या सीमेला नैतिक सीमेचे रूप देते. भिंत कोणी बांधली हा प्रश्न वगळला गेला, तरच तिचा युक्तिवाद टिकतो.

३) तिच्यातील तपशील अनेकदा खरे असतात. म्हणून केवळ सत्यासत्यतेची तपासणी पुरेशी ठरत नाही. स्थळ, श्रोता आणि गाळलेला भाग यांचीही चिकित्सा आवश्यक ठरते.

४) व्यापारी जाहिरातीत उपनगरे शहराचे नाव स्वीकारतात आणि राजकीय जाहिरातीत ते नाकारतात. या विसंगतीतच पर्यायाची शक्यताही आहे. ज्यांनी अभिमानासाठी नाव घेतले, त्यांच्याकडे जबाबदारीचा आग्रह धरता येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये ओकलंडच्या मतदारांनी संपूर्ण काउंटीसाठी वाहतूक कर मंजूर केला आणि काही नगरांनी बससेवेतून अंग काढून घेण्याची जुनी सवलत संपविली. ही कोणत्याही घोषवाक्याहून महत्त्वाची घटना मानावी लागेल.

भाषेच्या अध्यापकाने या क्षेत्रात काय करावे, असा प्रश्न विचारला जाऊ शकतो. आपल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या अशाच एखाद्या उपनगरात राहतील, काही जण येथेच मतदान करतील. जाहिरात ऐकताना तिच्यातील ‘आपण’ कोण आणि ‘आम्ही’ कोण, हे ओळखण्याची सवय त्यांना वर्गात लावता आली, तर व्याकरणाचा तास वाया गेला असे म्हणता येणार नाही.